दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कप्तानांचा फोन आला तेव्हा आईच्या हातात कंगवा होता. फोन संपला तेव्हा कंगव्याचे दोन तुकडे झाले होते.

"काय झालं गं?" भिंगरीने तोंडातला ब्रश बाजूला करत विचारलं.

"मला विश्रांती घ्यायला सांगितलीय."

"तू आजारी आहेस?"

"असं दिसतंय," आई म्हणाली आणि कंगव्याचा अर्धा भाग केसांतून फिरवत राहिली.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून घरच्यांनी ते ठेवलं होतं आणि आता शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली तरी ते चिकटून होतं. पण त्या सकाळी ती जागची हलली नाही. आईला कुणी विश्रांती घ्यायला सांगणं म्हणजे घड्याळाला थांबायला सांगण्यासारखं होतं.

आई चौकडीत दुसरं व्हायोलिन वाजवायची. चार वाद्यांचा मेळ, म्हणून चौकडी. (कप्तानांशी भांडण झालं की आई त्याच्याआधी 'चांडाळ' जोडायची.) पहिलं व्हायोलिन कप्तानांचं, तेच म्होरके. व्हायोला वाजवणाऱ्या काकांना त्यांच्या मिशांमुळे सगळे बोकोबा म्हणत. चेलो वाजवायची ती चेलोमावशी. तिची जीभ तिच्या गजापेक्षा धारदार. आणि भिंगरीचे बाबा चौकडीचे रेकॉर्डिस्ट. गेली बावीस वर्षं ते चौघं वाजवत आणि बाबा काचेमागे बसून टिपत.

येत्या शनिवारी नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग होतं. त्यानंतर तीन महिन्यांचा दौरा. आणि आता आईला विश्रांती.

कारण एक ई-मेल होता. 'एक हितचिंतक' असं नाव लावून कुणीतरी तो कप्तानांना, बाकीच्यांना आणि चौकडीला पैसे देणाऱ्या संस्थेला पाठवला होता. विषय: 'गुरुवारचा शाळेतला कार्यक्रम'. सोबत दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण.

आईने ते स्वयंपाकघराच्या टेबलावर लावलं. मुलांच्या खोकण्याचे आवाज. बाकं सरकल्याचे आवाज. मग एकटं व्हायोलिन. गज थरथरत होता. बोट सुराच्या अलीकडेच घसरून थांबत होतं. एका ठिकाणी भलतीच मोकळी तार वाजली, नुसती, उघडीबोडकी. मधे शाळेची घंटा झाली. व्हायोलिन तरी रखडत, लंगडत पुढे जातच होतं.

ऐकवत नव्हतं.

"ही तू नाहीस," भिंगरी म्हणाली.

"मीच आहे." आईने आपला डावा हात उलटा करून पाहिला, जणू कुणीतरी तो बदलून ठेवला होता. "ती घसरण माझ्याच बोटाची आहे. हजारातून ओळखेन. पण गुरुवारी मी असं वाजवलं नाही." ती थांबली. "की वाजवलं?"

ते शेवटचे दोन शब्द भिंगरीला सगळ्यात वाईट वाटले. खुर्ची जाणं वेगळं. पण आईचा आपल्याच हातावरचा विश्वास उडाला, तर ती खुर्ची परत मिळूनही काय उपयोग?

"बाकीच्यांना विचार ना. तेही तिथेच होते."

"महिन्यातल्या त्या एका गुरुवारी आम्ही आधी चार वर्गांत वाटले जातो. प्रत्येक वर्गात एकेक वाद्य आणि दहा-बारा मुलं. शेवटी फक्त एकत्र येतो. माझ्या वर्गात मोठं माणूस मी एकटीच."

बाबा दारात उभे होते. ते आत आले, आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किती ओढशील अजून? कधीतरी उठावंच लागतं."

फार मायेनं म्हणाले.

*

"बाबा, ते खरं असेल?" संध्याकाळी स्टुडिओत भिंगरीने विचारलं. ती फिरत्या खुर्चीवर बसून गरगर फिरत होती. भिंतीवर बावीस वर्षांच्या डब्या आणि डिस्कांची रांग होती. बाबा काहीही टाकत नसत.

"खरंच आहे. मी नीट तपासलं. काटछाट नाही, जोड नाही."

"कुणीतरी दुसऱ्याने वाजवून आईचं नाव लावलं असेल तर?"

"वेडी आहेस का? आईचा हात मी ओळखत नाही?" बाबांनी पडद्यावर ती मोकळी तार वाजली तिथे बोट ठेवलं. "आणि हे बघ. ही वाद्यं जुळवायची मूळ तार. आपली चौकडी तिला चारशे बेचाळीसवर लावते, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. बाहेरचे लोक चारशे चाळीसवर लावतात. बावीस वर्षांत आपला सूर कधी हलला नाही. आणि इथे किती आहे?"

भिंगरीने वाचलं. "चारशे बेचाळीस."

"मग? चौकडीचंच व्हायोलिन. तुझ्या आईचंच."

"तू कधी गेलायस गुरुवारच्या कार्यक्रमाला?"

"सहा वर्षं चाललाय तो. पोरांच्या गोंगाटात मी काय टिपणार?" बाबा हसले. "फिरणं थांबव, चक्कर येईल."

भिंगरीने वहीत लिहिलं: पाठवणारा कोण? आणि टिपलं कशावर?

*

मंगळवारी तिने चेलोमावशीला गाठलं. मावशी चेलोच्या खुंट्या घसरू नयेत म्हणून त्यांना खडू घासत होती आणि फार वैतागलेली होती.

"शाळेचा गुरुवार झाला की हे कार्ट आठवडाभर ताळ्यावर येत नाही," ती चेलोला उद्देशून म्हणाली. "काय हवंय?"

"मावशी, तुझं आणि आईचं भांडण झालं होतं ना मागच्या महिन्यात?"

"झालं होतं. ती म्हणाली मी घाई करते, मी म्हणाले ती झोपते. बावीस वर्षं हेच भांडण आहे. तू काय पोलीस झालीस?"

"ई-मेल तू पाठवलास?"

"मला तिला काही सांगायचं असेल तर मी तोंडावर सांगते. हितचिंतक म्हणे!" मावशीने खडू आपटला. मग हळू आवाजात म्हणाली, "पण ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं गं. फोनसुद्धा केला नाही मी तिला. काय बोलणार?"

बोकोबांवर भिंगरीचा जास्त संशय होता, कारण शाळेत रेकॉर्डर त्यांच्याच खिशात असायचा.

"काका, खरं सांगा. आईच्या वर्गात रेकॉर्डर चालू होता?"

"होता की." बोकोबांच्या मिशा खाली आल्या. "पण वाजवण्यासाठी नाही. संस्थेला अहवालात मुलांचे प्रश्न लागतात. वाजवणं संपलं की मी एकेका वर्गात जातो, प्रश्न टिपतो, बंद करतो. तुझ्या आईकडे सगळ्यात शेवटी गेलो. मी पोचलो तेव्हा ती व्हायोलिन मांडीवर घेऊन बसली होती."

"मग तो रेकॉर्डर कुठे गेला?"

"कुठे जाणार? संध्याकाळी तुझ्या बाबांकडे दिला. नेहमीप्रमाणे." ते क्षणभर घुटमळले. "मला विचारशील, तर कप्तानांची ती शिष्या आहे ना, ती दोन वर्षं खुर्चीवर डोळा ठेवून बसलीय. शनिवारी तीच येणारे."

*

कप्तानांच्या घरी सगळं सरळ रेषेत होतं: पुस्तकं, चपला, स्वतः कप्तान.

"तुमच्या शिष्येला आईची जागा हवी होती?"

"प्रत्येक तरुण वादकाला कुणाची तरी जागा हवी असते. मला काय विचारायचंय ते सरळ विचार."

"तुम्ही पाठवलंत?"

"मला कुणाला काढायचं असतं तर मी ई-मेलच्या आड लपलो नसतो. संस्थेला ते गेलं म्हणून माझे हात बांधले गेले. मुलांसमोर असं वाजवणाऱ्या माणसाला रेकॉर्डिंगला बसवलं तर ते पुढच्या वर्षी आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"आईला विचारलंत तुम्ही?"

कप्तानांनी टेबलावरचं सरळ पुस्तक आणखी सरळ केलं. भिंगरी भिंतीवरचे फोटो बघत पुढे सरकली. एका जुन्या फोटोत चौकडी होती. काळ्या केसांचे कप्तान, मिशा नसलेले बोकोबा, चिडलेली मावशी. आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर एक बारीक मुलगा.

"हा कोण?"

"ओळखलं नाहीस? तुझा बाप." कप्तान चष्मा पुसू लागले. "पहिलं एक वर्ष तोच होता. मग गाडीच्या दारात बोट सापडलं. म्हणाला, महिनाभर बायको बसेल माझ्या जागी, नंतर मी येतो. महिन्याचे दोन झाले. तोवर तुझी आई अशी काही वाजवायला लागली, की..." ते थांबले. "आम्ही कुणी त्याला परत बोलावलं नाही. तोही काही बोलला नाही. त्याचा काही राग नव्हता. स्वतःच म्हणाला, मी रेकॉर्डिंग बघतो."

"बाबांनी मला कधीच सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं काय होतं?" कप्तान म्हणाले.

*

बुधवारी भिंगरीने स्वतःची शाळा बुडवली आणि ती त्या दुसऱ्या शाळेत गेली. साक्षीदार तिथे होते, फक्त त्यांचं वय आठ होतं.

"व्हायोलिनवाल्या बाईंनी कसं वाजवलं?"

"मस्त!" दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली. "त्यांनी व्हायोलिनमधून मांजर काढलं."

"हात थरथरत होता?"

"मांजराचा?"

"त्यांचा गं."

"नाही. पण माझा प्रश्न राहिला." मुलीने ओठ काढला. "मी विचारत होते तार तुटली तर लागते का, तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे पळाले."

भिंगरीची पेन्सिल थांबली. "घंटा झाली तेव्हा त्या वाजवत होत्या?"

"नाही! मी बोलत होते ना! मिशीवाले काका पण आले होते."

भिंगरीने फोनवर ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. आता ऐकताना आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. घंटेचा पहिला टोला नव्हताच. ती मधूनच, घणघणत सुरू होत होती.

पण आठ वर्षांच्या मुलीच्या शब्दावर कप्तान काही हलणार नव्हते. भिंगरी सभागृहात जाऊन पियानोच्या स्टुलावर बसली आणि वैतागून एक पट्टी दाबली. मग भुवया उंचावून पुन्हा दाबली.

"बेसूर नाही तो, उतरलेला आहे," शाळेच्या संगीतबाई मागून म्हणाल्या. "माझ्यापेक्षा म्हातारा. जुळवणारा म्हणाला, बाई, तारा वर ओढल्या तर तुटतील, मग माझ्या नावाने ओरडू नका. म्हणून सगळाच खाली ठेवलाय."

"पण मग चौकडीबरोबर कसा जमतो?"

"चौकडीच खाली येते की! शेवटी मुलं गातात, पियानो आणि चौघं मिळून साथ करतात. म्हणून सकाळी आल्या आल्या चौघं या पियानोला धरून तारा उतरवून घेतात."

"वर्गात वाजवतानाही तशाच?"

"मग काय मधे चढवून पुन्हा उतरवणार? तारा जागेवर राहतील का? कप्तान तर दर वेळी कुरकुरतात, वाद्य रुसतं म्हणून."

भिंगरीने फोनवर सूर मोजायचं साधन उघडलं आणि वाद्यं जुळवायची ती मूळ पट्टी दाबली. काटा डगमगला आणि थांबला.

चारशे एकतीस.

चांगली गोष्ट होती ही. तिने उड्या मारायला हव्या होत्या. बाई बघतच राहिल्या, कारण ही एवढी बडबडी मुलगी स्टुलावर तशीच बसून राहिली, आणि मग हळूच पियानोचं झाकण लावून निघून गेली.

शुक्रवारी दुपारी बाबा बाहेर गेले असताना ती एकटी स्टुडिओत दीड तास बसली. संगणकाला पासवर्ड होता. तिच्याच वाढदिवसाची तारीख. संध्याकाळी ती जेवली नाही.

*

शनिवारी दहा वाजता स्टुडिओत तीन जुन्या खुर्च्यांवर तीन जुनी माणसं होती आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर कप्तानांची शिष्या. काचेमागे बाबा. माइक चालू होते.

दार उघडून भिंगरी आत आली. मागे आई होती, हातात व्हायोलिनची पेटी.

"हे काय आहे?" कप्तान म्हणाले.

"पाच मिनिटं द्या. मग मला हाकला." भिंगरीचा आवाज पहिल्या वाक्याला चिरकला, दुसऱ्याला ठीक झाला. "मावशी, गुरुवारनंतर तुझा चेलो आठवडाभर ताळ्यावर का नसतो?"

"तारा उतरवतो ना आम्ही. त्या पेटाऱ्यासाठी."

"काका, तुम्हीही उतरवता?"

"सगळेच. सहा वर्षं."

"तो पियानो चारशे एकतीसवर आहे. म्हणजे गुरुवारी आईचं व्हायोलिन दिवसभर चारशे एकतीसवर होतं. आणि ई-मेलमधलं व्हायोलिन चारशे बेचाळीसवर आहे."

कप्तानांचा गज हळूहळू खाली आला. मावशीच्या तोंडून एक शब्द निघाला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

"वाजवलंय आईनेच," भिंगरी म्हणाली. "पण शाळेत नाही. इथे. याच खुर्चीवर. एखादा तुकडा बिघडला की तुम्ही एकेकट्याने तो पुन्हा वाजवता ना? त्यातले जे फसले, ते. थरथर सहा वर्षांपूर्वीची, तेव्हा आईला ताप होता. घसरलेलं बोट अकरा वर्षांपूर्वीचं. मोकळी तार मागच्या वर्षीची. सगळं एकाला एक जोडलं आणि वर मुलांचे खोकले आणि घंटा टाकली. घंटा होताना आई वाजवत नव्हती, एक मुलगी प्रश्न विचारत होती. तिचा आवाज कापायचा म्हणून घंटेचा पहिला टोला पण कापावा लागला."

"पण हे टाकाऊ तुकडे असतात कुणाकडे?" बोकोबांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा उतरला. रेकॉर्डर त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता.

"तुम्ही तिघांपैकी कुणी हे केलं असतं तर सूर उतरवला असता. तारा उतरवायच्या हे तुमच्या बोटांना माहीत आहे. ही चूक एकच माणूस करू शकत होता. चौकडीचा सूर ज्याला पक्का माहीत आहे, पण जो शाळेत कधी गेला नाही. त्याने तर मला तो आकडा पुरावा म्हणून दाखवला." भिंगरीने काचेकडे पाहिलं. बोलायचं ठरवलेलं सगळं संपलं होतं. "सहा वर्षांत तू आईला एकदा जरी विचारलं असतंस ना बाबा, आज शाळेत कसं झालं, तर तुला कळलं असतं. पकडला गेला नसतास."

काचेमागे बाबांनी बोलायच्या माइकचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"महिनाभर म्हणून दिली होती मी ती खुर्ची," स्पीकरमधून आवाज आला. "तू कधी म्हणाली नाहीस, घे परत."

"तू कधी मागितली नाहीस," आई म्हणाली.

"मागायची वेळ का यावी? मी इथे बसून वाट बघितली. पहिल्या वर्षी तुझी एक चूक झाली, ती मी ठेवून दिली. दाखवीन म्हटलं कधीतरी. मग ठेवतच गेलो."

"किती आहेत?"

"काय?"

"माझ्या चुका."

"तीनशे अकरा."

"बावीस वर्षांत?" कप्तान नकळत बोलून गेले. "माझ्या याच्या दुप्पट निघतील."

कुणी हसलं नाही.

"आणि चांगलं वाजवलं ते?" आईने विचारलं.

स्पीकर खरखरला. "ते मोजलं नाही."

आईने मान हलवली, भाजीवाल्याचा भाव पटला नाही की हलवते तशी. मग ती कप्तानांकडे वळली.

"तुम्ही मला बावीस वर्षं रोज ऐकताय. आणि दोन मिनिटांत विश्वास बसला."

"मी फोन केला होता," कप्तान म्हणाले.

"विश्रांती घे सांगायला. विचारायला नाही. तुम्ही तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला वाटायला लागलं होतं माझं डोकं फिरलंय. चार रात्री मी दार लावून नुसता हात बघत बसले होते."

चेलोमावशी उगाच चेलोचा गज पुसू लागली.

शिष्या केव्हाच उठून भिंतीला चिकटली होती. आईने खुर्ची पुढे ओढली, बसली, पेटी उघडली. तार जुळवताना तिची बोटं थरथरली. सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. भिंगरीला कळून चुकलं, की ही थरथर सहा वर्षांपूर्वीची नव्हती. ही आजची होती, आणि ही कुणीही कुठून कापून आणलेली नव्हती.

"संस्थेला दुपारी कळवा काय झालं ते, तुमच्या नावाने," आई कप्तानांना म्हणाली. मग काचेकडे न बघता, "मशीन लाव. रेकॉर्डिंग आजच व्हायचंय आणि तुझ्याइतकं चांगलं ते कुणाला येत नाही. संध्याकाळी मात्र घरी येऊ नकोस."

भिंगरी भिंतीशी शिष्येच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आठवडाभर तिला वाटत होतं, कोडं सुटलं की छाती फुगेल. तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते आवाजाची पातळी लावत होते, आईच्या माइकची, नेहमीसारखी, अगदी काळजीपूर्वक.

लाल दिवा लागला.

"टेक एक," बाबा म्हणाले. रोज सकाळी भिंगरीला उठवायचे, त्याच आवाजात.

आईने गज उचलला.